झुलालनानांचे झोपलेले बेडूक

अगं थांबा, थांबा, आधी मला नीट बसू दे. साबेरा, सरक थोडी. आणि बेबा, तू मध्येच "शेवटी काय झालं" असं विचारायचं नाही, तुझी ती सवयच वाईट. बेडकांची गोष्ट आहे. हो हो, बेडकांचीच! नाक मुरडू नकोस. साबेराचे आजोबाच पंच होते त्यात, मी कुठं मीठमसाला लावला तर ती लगेच सांगेल.

तर आमचे झुलालनाना. माझ्या बाबांचे मोठे भाऊ गं. चाळीसगावला स्टेशनावर इंजिनात पाणी भरायचं काम होतं त्यांचं. तो हत्तीच्या सोंडेसारखा नळ असतो ना, तो फिरवायचा, इंजिनाच्या तोंडाला लावायचा, पोट भरलं की इंजिन शिट्टी मारून चाललं मुंबईला. मागे वळून बघायचं नाही की काही नाही! जन्मभर हेच. म्हणून नोकरी सुटल्यावर धुळ्याला आमच्याकडं राहायला आले तेव्हा म्हणाले, आता मला असं पाणी पाहिजे जे भरलं की निघून जाणार नाही.

आणि खरंच, आमच्या पेरूच्या बागेत पाटाचं पाणी झिरपून एका कोपऱ्यात कायम चिखल असायचा, तिथं त्यांनी एकट्यानं खणून तळं केलं. तळं म्हणजे काय, आपल्या वर्गाएवढंच, पण नाना त्याच्याकडं असे बघायचे जसं काही गिरणा नदीच आणून ठेवली. पहिल्या वर्षी त्यात नुसते डास. दुसऱ्या वर्षी कुठून कोण जाणे बेडूक आले. आणि नाना जे त्यांच्यापाशी जाऊन बसले ते बसलेच. सकाळचा चहा तिथं, दुपारचं जेवण तिथं. आई म्हणायची, "भाऊजींची भाकरी तळ्यावर दे, नाहीतर ते शेवाळ खातील."

मीही बसायची त्यांच्याबरोबर. तुम्ही हसाल, पण मज्जा असते गं! पावसाळ्यात तो मोठा बेडूक असतो ना, एरवी शेणाच्या रंगाचा, तो एकदम पिवळाजर्द होतो. हळद लागल्यासारखा! आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. नाना म्हणायचे, "देख पोरी, नवरदेव उना." आणि मग ते सगळे नवरदेव मिळून जे ओरडायचे, जे ओरडायचे! डराव डराव डराव! आमच्या घरातली भांडी फळीवर हलायची. बरं, भांडी नव्हती हलत, पण हललीच असती.

आता इथं येतात गिरधर मास्तर. भिंतीला भिंत लागून घर. ते गाण्याचा क्लास घ्यायचे, पेटी आणि गाणं, पंधरा-वीस मुलंमुली, त्यातलीच एक मी. माझा आवाज तुम्हाला माहितीच आहे. हसू नका! तर मास्तरांचा क्लास संध्याकाळचा आणि बेडकांचाही संध्याकाळचा. मास्तर "सा" म्हणाले की भिंतीपलीकडून "डराव". मास्तर "रे" म्हणाले की "डराव डराव". एकदा मी सा लावला तर मास्तर डोळे मिटूनच म्हणाले, "तू थांब. तळ्यातला तो बरोबर आहे, त्याच्याकडून ऐक."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मागच्या श्रावणात मास्तरांनी मोठी बैठक ठेवली. गावातली बडी मंडळी बोलावली, म्हटलं मुलांचं गाणं ऐकतील, चार घरची मुलं आणखी क्लासाला येतील. आणि नेमका त्या दिवशी दुपारभर पाऊस! संध्याकाळी मास्तरांनी पेटीवर हात ठेवला आणि तळ्यावर सगळी वरात एकदम उठली. मुलं गाताहेत, तोंडं हलताहेत, पण ऐकू येतंय फक्त डराव डराव. एक वकीलसाहेब उठताना म्हणाले, "मास्तर, कार्यक्रम छान झाला, पण पुढच्या वेळी गाणंही ठेवा."

अगं, मास्तर तसेच पेटी बंद न करता आमच्या दारात!

"झुलालभाऊ, ते तळं बुजवा."

नाना म्हणाले, "मास्तर, तुमी पेटी बुजवा."

झालं! दुसऱ्या दिवशी आळीत पंच बसवायचं ठरलं. मास्तर हरले तर त्यांनी गप्प बसायचं, आणि नाना हरले तर विटांचे तुकडे नि माती टाकून तळं सपाट. नानांनी "बरं" म्हटलं खरं, पण त्या दिवशी ते जेवलेच नाहीत. तळ्याच्या काठी जाऊन बसले आणि पाण्यात हात घालून नुसतं ढवळत राहिले.

पंच दोन. एक साबेराचे आजोबा, नूरचाचा, कापसाचे व्यापारी, त्यांच्या शब्दाला किती मान ते मी काय सांगू. आणि दुसरे उखर्डूआबा. तुम्हाला माहितीये ना, उखर्डूआबांना ऐकू येत नाही. हो! आवाजाच्या भांडणात पंच कोण, तर ज्यांना ऐकूच येत नाही ते! पण नाना आणि मास्तर, दोघांनाही तेच पसंत. कारण काय, तर त्यांच्या कानावर कोणाचंच काही जात नाही, म्हणजे ते कोणाच्या बाजूचे नाहीत.

आता पंचांनी यावं ना लगेच? ऐकावं ना? पण श्रावणात म्हणाले पोळा होऊ द्या. पोळा झाला तर पितृपक्ष लागला, म्हणाले पितरांच्या दिवसांत निवाडा नको. मग नवरात्र. मग दिवाळी. आणि दिवाळीनंतर तर कापूस! साबेरा, तुमच्या वखारीसमोर गाड्यांची रांग कुठपर्यंत लागते सांग यांना. पुलापर्यंत! नूरचाचांना नाक शिंकरायला वेळ नाही, बेडूक कुठून ऐकणार?

आणि तिकडं तळं काय पंचांसाठी थांबतंय होय! पोळ्याच्या सुमाराला पोरं झाली, आधी नुसती काळी शेपट्यांची टिंबं, मग त्यांना पाय, मग शेपूट गायब, आणि ती नखाएवढी पिल्लं बागभर. चुलीपाशी पिल्लू, देवघरात पिल्लू, बाबांच्या पायताणात पिल्लू. आईनं तर पीठ चाळताना दोनदा किंकाळी मारली. दसऱ्याला पाणदिवड आली, तळ्यातला साप गं, विषारी नसतो, तो पिल्लांवर टपून बसायचा आणि नाना काठी घेऊन त्याच्यावर टपून बसायचे. लाल चतुर आले, पाण्यावर टेकल्यासारखं करून उडणारे. दिवाळीच्या सुमाराला धोबी पक्षी आला, शेपूट हलवत काठावर इकडून तिकडं, जसं काही त्याचं धुणं राहिलंय. आणि मग थंडी पडली तसे बेडूक एकेक करून गायब! आज चार दिसले, उद्या दोन, मग एकही नाही. मी घाबरले, म्हटलं नाना, गेले का सगळे? नाना म्हणाले, "जातीन कोठे? खाले गाराम्हा झोपेल शेतस. मिरीगले उठतीन." चिखलात गाडून घेतात गं स्वतःला, आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत झोपतात. नानांनी मला जागासुद्धा दाखवली, पेरूच्या मोठ्या झाडाखाली, काठाला.

आणि नेमके पौषात पंच आले.

म्हणजे बघा! भांडण कशाचं, तर आवाजाचं. आणि तळं कसं, तर चिडीचूप. वर धुक्याचा पातळसा थर, काठावर एक ढोकरी, तो मातकट बगळा गं, मान आत ओढून बसलेली, म्हातारी घोंगडी पांघरून बसते तशी. आम्ही जिंकलोच होतो गं! आईला इतका आनंद झाला की तिनं सकाळीच नानांना दम भरला, "भाऊजी, आज तोंड उघडायचं नाही. पंच विचारतील ते विचारू देत. तुम्ही गप्प."

नाना म्हणाले, "खोटं बोलू?"

"खोटं नको. काहीच बोलू नका." आणि तिनं त्यांच्या हातात डिंकाचा एवढा मोठा लाडू दिला. "पंच आले की हा तोंडात टाका. संपेपर्यंत तेही गेलेले असतील."

पण पंच यायच्या आधीच, अगं, मी जे बघितलं! मी पेरूच्या झाडावर होते, पेरू काढायला, आणि भिंतीवरून कोण उतरलं, तर मास्तर! धोतर खोचलेलं, डोक्याला मफलर, हातात मातीचं मडकं, मडक्याच्या तोंडाला ओलं पोतं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, वर नाही बघितलं. मडकं उपडं केलं आणि आतून बेडूक पडले! खरबरीत, अंगावर फोड आलेले. मागून कळलं, सोनगीरला मास्तरांची बहीण असते, तिच्या शेतातल्या विहिरीशी दगडांखालून उकरून आणले होते. मडक्यात घालून टांग्यानं! टांगेवाल्याला सांगितलं होतं, दही आहे.

बरं, बेडूक पडले ते पडले. हलेनात. थंडीनं नुसते दगड झालेले. मास्तरांनी एकाला बोटानं ढोसलं. काही नाही. मग मास्तर उकिडवे बसले, घसा खाकरला, आणि, देवाशपथ सांगते, त्यांनी बेडकांना सा दिला!

"सा... सा... म्हण रे बाळा. सा..."

एका बेडकानं एक डोळा उघडला. मास्तर खूश. "शाबास! आता मोकळ्या गळ्यानं." त्यानं डोळा मिटला. मी फांदीवर तोंडात पेरू कोंबून बसले, नाहीतर हसता हसता खालीच पडले असते. तेवढ्यात पंचांचा आवाज आला आणि मास्तर मडकं तिथंच भिंतीवर ठेवून पलीकडं उडी मारून, आमच्या पुढच्या दारानं पुन्हा आत आले. अगदी सज्जनासारखे.

मी धावत जाऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "गप्प बस. तुझ्यासारखेच आहेत ते, गाणार नाहीत."

पंच तळ्याशी उभे राहिले. नानांनी लाडू तोंडात टाकला. आणि मास्तर तळ्याकडं बघतात तर, अगं, त्यांचे बेडूकही नाहीत! तेवढ्या वेळात उन्हाची तिरीप आली असेल की काय, सरपटत कुठंतरी पाल्याखाली गेले. मास्तर वाकून वाकून बघताहेत, जशी काही अंगठी पडलीये.

नूरचाचा म्हणाले, "मास्तर, आवाज कुठंय?"

"आता नाही चाचा, पण श्रावणात..."

उखर्डूआबांनी हात वर केला. त्यांनी हात वर केला की सगळे गप्प होतात, कारण मग तेच मोठ्यानं बोलतात. "मले ऐकू येत नही. मले डोयाले दाखवा. कोठे शे बेडूक?" आणि त्यांनी काठी घेऊन तळ्याची पूर्ण चक्कर मारली, हं! काठी पाण्यात घातली, गवतात घातली, ढोकरी उडाली, पण बेडूक एकही नाही. मग ते मध्ये उभे राहिले आणि निवाडा दिला. "आठे बेडूकच नही. मास्तर खोटं बोलस. झुलाल, तुन्हा तयाम्हा एकबी बेडूक नही शे. नव्हतंच कधी!"

जिंकलो! आईनं पदर तोंडाला लावला. मी नानांकडं बघितलं, म्हटलं आता हसतील. तर नानांचं तोंड लालेलाल! लाडू चावताहेत, चावताहेत, डोळ्यांत पाणी, मला वाटलं ठसका लागला. आई खुणेनं सांगतेय, गप्प, गप्प. आणि नानांनी तो अख्खा घास एकदम गिळला आणि ओरडले.

"कोन सांगस नही शेतस? बठ्ठा शेतस! एकूण एक शे!"

"भाऊजी!" आई म्हणाली.

पण नाना ऐकतात होय! त्यांच्या बेडकांना कोणी नाहीत म्हणतं म्हणजे काय! धोतर वर केलं, चिखलात उतरले आणि दोन्ही हातांनी उकरायला लागले. पहिल्यांदा पाल्याखालून निघाला तो खरबरीत. नानांनी त्याला उजेडात धरलं, फिरवून बघितलं. "हाऊ मना नही. हाऊ पाव्हना कोठून उना?" आणि बाजूला ठेवला. मास्तर आभाळाकडं बघायला लागले. मग नाना पेरूच्या झाडाखाली गेले, कोपरापर्यंत हात चिखलात घातला, आणि हळूच, अंडं काढतात तसं, बाहेर काढला तो आपला. मोठा नवरदेव! चिखलानं माखलेला, डोळे मिटलेले, पाय पोटाशी.

"हाऊ देखा," नाना म्हणाले, आणि तो सरळ नूरचाचांच्या तळहातावर ठेवला.

उखर्डूआबांनी वाकून बघितलं. खूप वेळ बघितलं. मग म्हणाले, "मंग बेडूक शे."

"शे ना!" नाना एकदम खूश.

"मंग मास्तर खरा शे. तय बुजाडा."

आणि तेव्हा कुठं नानांच्या लक्षात आलं की त्यांनी काय केलं! अगं, ते चिखलात उभे, हात काळे, मिशीला लाडूचा डिंक. भांडले नाहीत. नुसतं इतकं म्हणाले, "बरं. पन मिरीगलोंग थांबा. आथा बुजाडं तं झोपमाच मरतीन त्या. उठू द्या, मंग मी सोता माती टाकस."

आई रडायला लागली. मीही. मास्तरसुद्धा मफलरनं नाक पुसायला लागले, खरंच! जिंकलेला माणूस, पण तोंड असं जसं त्यालाच बुजवणार आहेत.

आणि नूरचाचा? हातावर तो गार बेडूक, त्याच्याकडं बघत उभे. उन्हात हात धरला होता, आणि हळूहळू त्या बेडकाचा गळा हलायला लागला. लुकलुक, लुकलुक. चाचांनी त्याला परत नानांच्या हातात दिलं, "घ्या, याची झोप मोडली." मग त्या खरबरीताकडं बोट केलं. "आणि हा कोणाचा, झुलालभाऊ? तुमचा नाही म्हणालात."

नाना म्हणाले, "नही. अशा आम्हना गल्लीम्हाच नही."

चाचांनी भिंतीवरच्या मडक्याकडं बघितलं. मग मडक्यावरच्या ओल्या पोत्याकडं. मग मास्तरांकडं. मास्तरांच्या कानांपर्यंत लाली!

"मी आणले," मास्तर एकदम फुटले. "सोनगीरहून आणले! पण चाचा, मी खोटा नव्हतो हो! मी श्रावणात या म्हटलं होतं, तुम्ही आलात पौषात. खरी गोष्ट दाखवायला मला बेडूक आणावे लागले, त्यात माझा काय दोष? आणि तेही मेले गाईनात!"

"सा दिला होता त्यांनी," मी म्हणाले. निघून गेलं गं तोंडातून!

नूरचाचा आधी नुसते हलायला लागले. मग काठावरच्या दगडावर बसले आणि इतके हसले, इतके हसले की टोपी पाण्यात पडली. उखर्डूआबा सगळ्यांना विचारताहेत, "काय जाये? काय जाये?" आणि कोणालाच सांगता येईना.

मग चाचा डोळे पुसत म्हणाले, "चूक माझी आहे. मला पावसाळ्यात यायचं होतं, मी कापसात अडकलो. आता असं बघा. बेडूक कधी गातात? मृगापासून दसऱ्यापर्यंत. आणि माझी कापसाची वखार कधी रिकामी असते? मृगापासून दसऱ्यापर्यंत. तेव्हा तिथं उंदरांशिवाय कोणी नसतं. मास्तर, पावसाळ्यात क्लास वखारीत घ्या. भाडं नको. दसऱ्याला माझा कापूस आत, तुमचा क्लास घरी, आणि बेडूक चिखलात. तळं राहील."

नानांनी काय केलं असेल? त्या बेडकाला घेऊन गेले, परत खड्ड्यात ठेवला, वरून चिखल थापला, अगदी पांघरूण घालतात तसा. मग मास्तरांचे सोनगीरचे एकेक शोधून काढले आणि त्यांनाही भिंतीच्या कडेला, मास्तरांच्या मोरीपाशी ओली जागा उकरून झोपवलं. म्हणाले, पाहुणे आहेत, थंडीत बाहेर कसे ठेवायचे.

उखर्डूआबांना हा निवाडा कानात ओरडून सांगितला. ते म्हणाले, "मी तं आधीच तेच सांगं होतं."

झालं का? नाही झालं! बेबा, मी म्हटलं होतं ना, घाई करू नको.

यंदा मृगाला सगळे उठले. आमचे तळ्यात, पिवळेधमक, डराव डराव. क्लास वखारीत गेला, मस्त चाललाय, तिथं माझा आवाज घुमतो म्हणून मास्तर मला कोपऱ्यात बसवतात. पण संध्याकाळी मास्तर घरी येऊन जेवायला बसले की मोरीतून एकदम कुर्र्र्र्र! लांबलचक, एका दमात, शिवणयंत्र चालवल्यासारखं. सोनगीरचे! आणि त्यांनी तिथंच संसार मांडलाय. मास्तर भिंतीवरून डोकं काढून ओरडले, "झुलालभाऊ, हे काय?"

नाना तळ्यावरून उठलेसुद्धा नाहीत. "मास्तर, ह्या तुम्हना शेतस! आम्हना नही!"

मला वाटलं, झालं, पुन्हा भांडण. पण मास्तर तिथंच थांबले. डोकं भिंतीवर, डोळे मिटलेले. खूप वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "सूर मात्र तुमच्यापेक्षा माझ्यांचा पक्का आहे."

"काय?" नाना उठलेच! "तुम्हना फोडवाला? मना नवरदेवपेक्षा?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी हेच. मास्तर भिंतीवर कोपर टेकून, नाना इकडं काठावर, आणि वाद, कोणाचे चांगले गातात. काल तर इतकं पेटलं की दोघंही म्हणाले, पंच बसवू! आणि दोघांनाही तेच पाहिजेत, नूरचाचा आणि उखर्डूआबा.

म्हणून तर मी आले गं धावत. साबेरा, आजोबांना आजच सांग. पोळ्याआधी या म्हणावं, कापूस फुटायच्या आत. पौषात आले ना, तर आमचे नाना पुन्हा सगळ्यांना झोपेतून उठवतील.